तिथी, भरती आणि सोबतीचे कुत्रे

नाताळचे जोडून आलेले चार दिवस पदरात पडले, की पुण्या-मुंबईकडील कुटुंबांची पावले कोकणपट्टीकडे वळतात, ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी शेजाऱ्यांच्या हवाली करून किंवा गावाकडच्या चुलतभावाच्या अंगणात ठेवून यावयाचे घरचे कुत्रे आता मोटारीच्या मागच्या आसनावर, खिडकीच्या काचेला नाक लावून, सर्वांबरोबर निघालेले असते. विभक्त कुटुंबात कुत्रे सांभाळावयास घरी कोणी उरत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण झाले. परंतु ज्या प्राण्याला आपण घरचा मानतो त्याला वगळून केलेल्या सहलीत मन रमत नाही, हे कारणही कमी खरे नाही. अशा मंडळींकडून हटकून एकच प्रश्न विचारला जातो, की कोकणात कुत्र्याला मज्जाव नसलेला किनारा कोणता? ह्या प्रश्नाला गावाचे नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे आणि तसे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. पण माझ्या मते तो प्रश्नच अपुरा आहे. एकच किनारा पहाटे कुत्र्याला स्वर्गतुल्य, दुपारी यातनामय आणि रात्री सर्वथा वर्ज्य असू शकतो. म्हणून कोणत्या किनाऱ्यावर न्यावे, ह्याआधी कोणत्या तिथीस आणि कोणत्या प्रहरी न्यावे, हे ठरवावे लागते.

पाश्चात्त्य देशांत ह्या बाबतीत हुकूम आणि जाहीरनामे यांची रेलचेल आहे. इंग्लंडमध्ये नगरपालिका किनाऱ्यांची वाटणीच करतात. अनेक किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर ह्या उन्हाळी महिन्यांत कुत्र्यांना मनाई असते, काही ठिकाणी ती दिवसातील ठराविक तासांपुरतीच असते, आणि हिवाळ्यात मात्र तेच किनारे श्वानवर्गाला मोकळे होतात. अमेरिकेत सॅन डिएगो शहराच्या ओशन बीच भागात तर १९७२ पासून कुत्र्यांना साखळीविना सोडण्यासाठी किनाऱ्याचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे. आपल्याकडे असा राखीव तुकडा नाही आणि सरसकट मनाईही नाही. किनाऱ्यांच्या स्वच्छतेसाठी दिल्या जाणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ ह्या आंतरराष्ट्रीय मानांकनात कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण असावे अशी एक अट असते, आणि असे मानांकन मिळविण्याकडे आपल्या किनाऱ्यांचाही कल वाढत असल्यामुळे उद्या काही ठिकाणी फलक लागले तर नवल नाही. तोवर कायदा पाहतो तो कुत्र्याकडे नसून मालकाच्या निष्काळजीपणाकडे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये ह्याची तजवीज न करणे हा पूर्वी दंडसंहितेच्या २८९ व्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे गळ्यातील साखळी सोडण्यापूर्वी स्मरावे. फलक नाही म्हणजे मुभा आहे, एवढाच अर्थ काढणाऱ्या मालकांनीच पुढे फलक लावण्याची वेळ आणलेली असते.

आता तिथीचा विचार. कोकणातील कोळी आणि खारवी बांधवांचा एक जुना हिशेब आहे, की त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, अर्थात पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या. आणि पौर्णिमा वा अमावास्या असेल तर सव्वा अकरा-साडेअकराच्या. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी तळाला जाते आणि हे चक्र सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा फिरते. मुंबईच्या बाजूस हा हिशेब बराचसा जुळतो. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यास भरती काहीशी आधी येते, तेवढे धरून चालावे. ह्या साध्या त्रैराशिकातून श्वानपालकाच्या उपयोगाची जी गोष्ट निघते ती अशी, की अष्टमीच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला येते. म्हणजे ज्या वेळी कुत्र्याला फिरवावे त्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पाणी चढलेले, आणि ज्या वेळी ती वाळू उघडी पडते त्या वेळी डोक्यावर सूर्य. उलट चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतच्या चार-पाच दिवसांत भरती मध्यान्हीच्या सुमारास उरकते, ओहोटी सकाळी व सायंकाळी येते, आणि ऊन तिरपे झालेले असताना पायाखाली थंड, दाबलेल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. केळशीच्या किंवा गुहागरच्या लांबलचक किनाऱ्यावर अशा वेळी कुत्रे जे धावते त्याला धावणे म्हणण्यापेक्षा उधळणे म्हणणे अधिक उचित.

परंतु हेच दिवस उधाणाचे असतात, हे विसरून चालणार नाही. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती मंद आणि उथळ; अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मात्र मुंबईकडे पाच मीटरच्या जवळ पोहोचते, आणि दक्षिणेस ते साधारण निम्म्यावर येत असले तरी त्याची ओढ तेथेही कमी समजू नये. ओहोटी तळाला गेल्यावर पहिल्या तासात पाणी अगदी आळसावल्यासारखे वाढते, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र ते झपाट्याने चढते. त्यामुळे खाडीच्या मुखाशी उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटावर कुत्र्यासह गेलेला माणूस पहिल्या तासाच्या अनुभवावर विसंबला, तर परतीच्या वाटेत त्याला कमरेइतके पाणी लागते. गणपतीपुळ्याचा समुद्र फसवा म्हणून कुप्रसिद्ध आहे आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावरील खडकांवर लाटांनी माणसे ओढून नेली आहेत; तेथे लाटेमागे चेंडू फेकण्याचा मोह आवरावा. पोहणाऱ्या कुत्र्याला वाचवावयास गेलेला मालक बुडतो आणि कुत्रे आपले आपण किनाऱ्याला लागते, असे प्रकार जगभर घडलेले आहेत. जून ते ऑगस्ट ह्या काळात तर समुद्र दुरूनच पाहावा. ज्या दोन महिन्यांत, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, आपल्या राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, त्या महिन्यांत हौशी माणसाने पाण्यात उतरण्याचे प्रयोजनच नाही.

उन्हाचे प्रकरण समुद्राहून अधिक गंभीर आहे, कारण समुद्र निदान गर्जना तरी करतो. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांपुरता काय तो येतो, आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे खरे काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावरच अवलंबून असते. त्याचे स्वाभाविक तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास. ते एकेचाळिसाच्या पुढे गेले की उष्माघात होऊन प्राणावर बेतते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धापाही नीट टाकता येत नाहीत, आणि हस्कीसारख्या हिमप्रदेशातील कुत्र्याला ऐन मे महिन्यात मुरूड-जंजिऱ्याच्या वाळूवर उभे करणे ह्याला प्रेम म्हणावे की काय, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो. वाळूवर हाताची मागील बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. सकाळी नवाच्या आत आणि सायंकाळी पाचानंतर, हा नियम हिवाळ्यातही पाळण्याजोगा आहे.

येथे एक पेच उभा राहतो. कुत्र्याला समुद्रावर नेण्याचा उत्तम हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नेमक्या त्याच सुमारास, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्रीच्या वेळी कोकणच्या वाळूत अंडी घालावयास येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि समुद्राकडे सरपटू लागतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ह्या घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले, गावकऱ्यांनी ते आपलेसे केले, आणि पुढे आंजर्ल्यासह इतर अनेक गावांत त्याचा विस्तार झाला. माणसाने अंडी चोरणे बहुतांशी थांबले. कोल्हा आणि कुत्रे यांना मात्र संवर्धनाचे महत्त्व पटवून देता येत नाही. त्यांच्या नाकाला वाळूखालचा वास अचूक लागतो, म्हणूनच घरटी सापडताच अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागी पुन्हा पुरली जातात. हे ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वोच्च संरक्षण लाभलेला प्राणी आहे. तेव्हा शहरातून आणलेल्या लाडक्या लॅब्राडोरने एखादे घरटे उकरले, तर ‘त्याला काय कळते’ हा बचाव पुरेसा ठरणार नाही.

पेच अधिक अवघड होतो तो असा, की जी वेळ कुत्र्याला सोयीची, तीच पिल्लांच्या सागरप्रयाणाची. पिल्ले पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रात सोडली जातात, आणि ती पाहावयास आलेल्या मुलाबाळांच्या गर्दीत एक उत्साही कुत्रे शिरले तर काय गोंधळ उडेल त्याची कल्पनाच करावी. ह्यावर तडजोड निघते, ती अशी की कासवांच्या गावी जावयाचे असेल तर कुत्र्याला न्यावयाचे नाही, आणि कुत्र्याला न्यावयाचे असेल तर त्या गावी हंगामात जावयाचे नाही. इतर किनाऱ्यांवरही रात्री त्याला वाळूवर सोडावयाचे नाही, कारण मादी कोठे वर येईल ह्याचा नेम नसतो आणि चाहूल लागताच ती अंडी न घालता परत फिरते. पक्ष्यांचेही तसेच. हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेले कुरव, चिखल्या आणि तुतवार ओहोटीच्या काठाशी टिपत असतात; त्यांच्या थव्यात कुत्रे घुसवून तो एकदम उडालेला पाहण्यात, आणि त्याचे छायाचित्र घेण्यात, काहींना भारी मौज वाटते. त्या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी साठवावयाची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते.

आणि मग माणसे आहेत. शहरवासीयाला किनारा म्हणजे विहारस्थान. गावाला तो खळ्याइतकाच कामाचा. भरडखोल, हर्णै यांसारख्या कोळीवस्त्यांत वाळूवर वा बांबूंच्या वलांडीवर बोंबील, सुकट, जवळा वाळत घातलेला असतो आणि ती सुकी मासळी म्हणजे पावसाळ्याची बेगमी आणि बाजारातील रोकड दोन्ही असते. त्यावर कुत्र्याने एक पाय वर केला, की पुढे कोळणीच्या मुखातून जे वाङ्मय प्रकट होते ते पूर्णपणे न्याय्य असते. मालवणकडे रापण ओढली जात असताना जाळ्याभोवती कुत्रे सोडू नये. जाळ्यात त्याचा पाय अडकतो आणि फाटलेल्या जाळ्याची किंमत कोणी मागत नाही, म्हणून ती द्यावयाची नसते असे नाही. गणपतीपुळे, वेळणेश्वर, कुणकेश्वर येथे देऊळ आणि समुद्र यांच्यामध्ये अंतर जवळजवळ नाहीच. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान असले तरी ओलेत्याने दर्शनास निघालेल्या भाविकाला अंग झाडणारे कुत्रे रुचत नाही. अशा ठिकाणी देवळापासून दूरचे टोक गाठावे. काशीद, नागाव यांसारख्या किनाऱ्यांवर सुटीच्या दिवशी घोडागाड्या आणि वाळूवर धावणाऱ्या चारचाकी दुचाक्या यांची जी झुंबड असते, तीत तर माणसानेही साखळीत राहावे असे वाटते.

विष्ठा उचलण्याची गोष्ट आपल्याकडे अजून थट्टेवारी नेली जाते. समुद्र सगळे पोटात घेतो, असा युक्तिवाद ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी, की कुत्र्याच्या आतड्यातील अंकुशकृमींची अंडी विष्ठेतून दमट वाळूत उतरतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी माणसाच्या, विशेषतः वाळूत किल्ले करणाऱ्या मुलांच्या, त्वचेत शिरून नागमोडी, अतिशय खाजणाऱ्या रेघा उमटवितात. निघण्यापूर्वी कुत्र्याला जंताचे औषध द्यावे, सोबत पिशव्या ठेवाव्यात आणि भरलेली पिशवी सुरूच्या झाडाला टांगून न येता परत आणावी. झाडाला टांगलेली पिशवी मी कोणत्या वर्गात घालावी हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

किनाऱ्याचे मूळ रहिवासी असलेल्या गावकुत्र्यांची हद्द ठरलेली असते, आणि ती हद्द ओलांडणाऱ्या पाहुण्याची चौकशी ते सामुदायिक रीतीने करतात. पाहुणे कुत्रे साखळीत असेल, मालक न घाबरता संथपणे चालत असेल आणि हातात खाद्यपदार्थ नसेल, तर बहुधा हुंगाहुंगीवर निभावते. कुत्र्याला एकदम उचलून कडेवर घेतले तर मात्र त्यांचे कुतूहल आक्रमणात बदलते. रेबीजप्रतिबंधक लसीची मुदत संपलेली नसावी, आणि तिचा दाखला मुक्कामाच्या ठिकाणी जवळ असावा. गोव्यात हंगामी उपाहारगृहांच्या आश्रयाने वाढलेल्या कुत्र्यांचे टोळके असते. पावसाळ्यापूर्वी त्या झोपड्या मोडल्या की त्यांचा पोशिंदाच नाहीसा होतो, आणि अशा भुकेल्या कळपाजवळून जाताना अधिक सावध राहावे.

प्रवासाविषयी थोडक्यात. मुंबईहून अलिबागकडे जावयाचे असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली रो-रो नौका सर्वांत सुखाची; मोटारीसह तासाभरात पलीकडे उतरता येते आणि पाळीव प्राण्यांना नेण्याची तीत सोय आहे. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ ह्या खाड्यांवरील मोटारी पार नेणाऱ्या जंगलजेट्ट्यांनी घाटांची वळणे वाचतात, आणि वळणे वाचली म्हणजे कुत्र्याची ओकारीही वाचते; निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला पोटभर खाऊ घालू नये हे ओघानेच आले. रेल्वेने न्यावयाचे तर वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन वा चार शायिकांची संपूर्ण खोली आपल्या नावे आरक्षित करावी लागते. नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटी, आणि तीत आपले कुत्रे एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा ते धाडस होत नाही.

मुक्कामासाठी हॉटेलापेक्षा घरगुती सोय बरी, मात्र दूरध्वनीवर ‘कुत्रा चालेल का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आणा हो, पण माजघरात नको, पडवीत बांधा,’ हे उत्तर कोकणात मनापासूनचे स्वागत असते, आणि त्याच घरी कोंबड्या मोकळ्या फिरत असतात, गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय असते, ओट्यावर आमसुले वाळत असतात. कुत्र्याचा आकार, वय आणि कोंबडीविषयीचे त्याचे पूर्वचरित्र यजमानांना आधीच सांगावे. पडवीत बांधण्याची सूचना मात्र रात्रीपुरती नम्रपणे नाकारावी, कारण वाडीच्या मागच्या रानात बिबट्या असतो आणि बांधलेले कुत्रे ही त्याच्या दृष्टीने मांडून ठेवलेली पंगत ठरते. कुत्र्याची रात्र दाराआडच जावी. अंधार पडल्यावर कातळावरच्या सड्यांतून आणि पाखाडीवरून चालताना विजेरी हवी. रत्नागिरीच्या जांभ्या दगडात फुरसे विपुल. ते लहान असते, मातीच्या रंगात मिसळून जाते, आणि कुत्र्याचे नाक नेमके त्याच उंचीवर हिंडत असते.

समुद्रावरून परतल्यावरची काळजी ही सगळ्यांत दुर्लक्षित बाब. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खेळाच्या भरात कुत्रे ते पिते, तहान वाढते, आणखी पिते, आणि मग उलट्या, जुलाब येथपासून थरथर व झटके येथपर्यंत मजल जाते. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि पसरट भांडे किनाऱ्यावर नेऊन दर पंधरा-वीस मिनिटांनी ते त्याच्यापुढे ठेवावे. वाळूत लडबडलेला चेंडू पुनःपुन्हा तोंडात धरल्याने पोटात वाळू साठते, आणि शहाळ्याची सोडणे चघळू दिली तर त्यांचा काथ्या आतड्यात अडकतो. लाटांनी टाकलेला केंड मासा, जो पोट फुगवून काटेरी चेंडूसारखा पडलेला दिसतो, अत्यंत विषारी असतो आणि मेल्यानंतरही विषारीच राहतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुंबईच्या चौपाट्यांवर येणारे निळसर फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ वाळूवर सुकत पडले असले तरी डंख मारतात. घरी येताच गोड्या पाण्याने अंग धुवावे, लोंबत्या कानांच्या जातींचे कान कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात आणि गोचिडी शोधाव्यात. एखादा पातळ जुलाब झाला तर घाबरण्याचे कारण नाही. तो थांबेना, किंवा कुत्रे पाय ओढू लागले, अंग कापू लागले, तर गावठी उपायांत वेळ न दवडता तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तेथील डॉक्टरांचा हात बहुधा बैल-म्हशींवर बसलेला असतो, दवाखान्याच्या वेळा ठरीव असतात आणि रविवारी दार बंद असण्याचाच संभव अधिक. तेव्हा त्याचा पत्ता आणि वेळ यजमानांकडून पहिल्याच दिवशी, चहा घेता घेता, विचारून ठेवावी.